नेल्डाच्या पिशवीतलं रिव्हॉल्व्हर

माझ्याकडे एकोणीस बंदुका आहेत. हॉइट प्रुइटकडे चाळीसच्या वर आहेत, पण त्यातल्या निम्म्यांना गंज चढलाय आणि तो त्यांना पुराणवस्तू म्हणतो. माझ्या बायकोकडे दोनच. माणसाला हात किती, असं ती उलट विचारते. आमच्या नेमबाजी क्लबात या तिघांपैकी नेम कुणाचा चांगला, ते मात्र मला विचारू नका. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्या विषयावर मी अजून तोंड उघडलेलं नाही.

हे आधीच सांगितलं, कारण लोकांना वाटतं की बंदुकीवरून भांडण म्हणजे एकीकडे बंदूकवाले आणि दुसरीकडे बंदूक बघून किंचाळणारे. तसलं भांडण सोपं असतं हो. घरी येऊन टीव्ही बंद केला की संपतं. आमचं भांडण आमच्या आमच्यातच होतं. एकाच बाकावर बसून, एकाच किटलीतली कॉफी पीत आम्ही भांडत होतो, आणि त्यात माझी बायको माझ्या विरुद्ध बाजूला होती.

झालं असं, की त्या वर्षी ऑगस्टपासून टेक्सासात आमच्यासारख्या गावांतल्या दोन वर्षांच्या कॉलेजांतही परवानेवाल्यांना कपड्याआड पिस्तूल घेऊन जायची मोकळीक झाली. काही खोल्या वगळायचा अधिकार कॉलेजला होता. आमच्या कॉलेजने यादी काढली, आणि तिच्यात पहिलं नाव बालवर्गाचं. कॉलेजात शिकणाऱ्या आयाबापांची पोरं दिवसभर तिथे असतात, आणि ज्यांना बालवाडी चालवायचं शिकायचंय ते तिथेच काम करून शिकतात. यादी तात्पुरती होती. ऑक्टोबरात विश्वस्तांपुढे सुनावणी व्हायची आणि मग ती कायम व्हायची.

हॉइट आमच्या क्लबाचा अध्यक्ष. तो पेटला. "बालवर्ग इमारतीच्या मधोमध आहे. तो बंद म्हणजे जाण्यायेण्याची वाट बंद, म्हणजे अख्खी इमारत बंद. मग परवाना काय भिंतीवर टांगून आरती ओवाळायला दिलाय?" शनिवारी सकाळी क्लबात त्याने पत्राचा मसुदा वाचून दाखवला आणि सह्या मागितल्या.

माझी बायको नेल्डा मागे बसून काडतुसांचे डबे रचत होती. तिथूनच म्हणाली, "हॉइट, त्या खोलीत अकरा पोरं आहेत. त्यातली चार कुठल्याही क्षणी माझ्या अंगावर असतात. एक कमरेला लोंबकळतं, एक खिशात हात घालतं. कमरेला पिस्तूल लावून मी बसू कुठे, छपरावर?"

"पिशवीत ठेव."

"पिशवीत त्यांचा खाऊ असतो."

"आणि कुणी माथेफिरू आत शिरला तर?"

"तर मी दाराला आतून कडी लावीन आणि पोरांना मागच्या खोलीत नेऊन भिंतीशी बसवीन. दर महिन्याला सराव करतो आम्ही. तू शेवटचा सराव कधी केलायस? ढेकर द्यायचा सोडून."

सगळे हसले. मी म्हणालो, "कडीने काय होतंय, नेल्डा? कडी म्हणजे काय भिंत आहे?" त्यावर ती म्हणाली, "गार्लंड, तुला कुणी विचारलं नाही." लोक आणखी हसले. मत घेतलं तर एकोणीस एका बाजूला, एकोणीस दुसऱ्या. माझं मत हॉइटला गेलं. परत येताना आम्ही नेहमीच्या ठिकाणी थांबून पेकनची, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांची गोड पेस्ट्री खाल्ली आणि तिने माझ्या ताटलीतला कडेचा कुरकुरीत भाग नेहमीसारखा काढून घेतला.

आता नेल्डा त्या कॉलेजात काय करत होती, ते सांगायला हवं. ती तिथे विद्यार्थिनी होती. वय चौसष्ट. एकोणिसाव्या वर्षी ती पहिलं वर्ष अर्धवट सोडून घरी आली. पुढे माझ्याशी लग्न केलं आणि माझ्या तेलाच्या पाइपलाइनच्या नोकरीपायी गावोगाव हिंडली. मग वीस वर्षं तिने चर्चच्या बालवर्गात मदतनीस म्हणून पोरांची नाकं पुसली. पण मदतनीस ती मदतनीस. बालवर्ग स्वतःच्या हाती घ्यायचा तर प्रमाणपत्र लागतं. आपली एक खोली असावी, दारावर आपलं नाव असावं आणि आत काय चालायचं ते आपण ठरवावं, एवढीच तिची हौस. मे महिन्यात तिला ते प्रमाणपत्र मिळणार होतं. इतकी खुशीत मी तिला मुलीच्या लग्नातही पाहिली नव्हती.

आणि माझं काय? मी तीस वर्षं क्लबाचा सुरक्षा अधिकारी. शिट्टी माझ्या गळ्यात. मी वाजवली की गोळीबार थांबतो, आणि मी हात वर करेपर्यंत कुणी बंदुकीला बोट लावत नाही. आमच्याकडे एक रिवाज आहे आणि तो मीच घालून दिलेला. दर शनिवारी नऊ वाजता, पहिली गोळी झाडायच्या आधी, आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने पुढे यायचं, टोपी काढायची आणि चूक आपल्या तोंडाने सांगायची. सबब सांगायची नाही. सुरुवात 'मी' या शब्दाने करायची. मग साठ दिवस त्याने बंदुकीला हात लावायचा नाही, नुसती झाडलेल्या गोळ्यांची जमिनीवर पडलेली पितळी टरफलं वेचायची. पाद्रीबाबांनी वेचलीत. हॉइटनेही वेचलीत. तो बार्बेक्यूच्या हॉटेलातल्या संडासात पिस्तूल कागदाच्या डब्यावर विसरून आला होता आणि आचाऱ्याने ते बरगड्यांच्या ताटाबरोबर त्याच्यापुढे आणून ठेवलं होतं. मी कधी वेचली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला माज होता.

सप्टेंबरच्या शेवटी कॉलेजमागच्या गाड्या लावायच्या जागेत भरदिवसा कुणीतरी एका मुलीची पर्स हिसकावून पळालं. मुलीला काही झालं नाही, कोपर खरचटलं फक्त. पण त्याच जागेत नेल्डा रोज आमचा छोटा पिकअप ट्रक लावते. मी तिला म्हणालो, लहान रिव्हॉल्व्हर जवळ ठेव. ती नाही म्हणाली. मी परत म्हणालो. ती म्हणाली, "त्या खोलीत चालत नाही, गार्लंड. पाटी लावलीय." तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि एकेचाळीस वर्षांत मला एवढं कळतं की तिच्या त्या बघण्यानंतर चौथ्यांदा विचारायचं नसतं.

तर मी विचारलं नाही. मंगळवारी सकाळी ती आंघोळीला गेली, आणि मी माझं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर चामडी म्यानात घालून तिच्या कापडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात सरकवलं. भरलेलं. वरून चेन लावली.

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो, म्हणजे माझी अक्कल किती ते तुम्हाला कळेल. मला वाटलं, पिशवी उचलताच तिला वजनावरून कळेल. सहाव्या वर्षापासून बंदूक हाताळलेली बाई ती. वाटेत ती मला शिव्या घालील, पण आणलंय तर राहू दे म्हणून रिव्हॉल्व्हर ट्रकमध्ये कुलपात ठेवील, आणि निदान ट्रकपर्यंत तरी ते तिच्याबरोबर असेल. ट्रकमध्ये ठेवायला बंदी नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. त्या दिवशी पिशवीत पोरांसाठी जाड पुठ्ठ्याची बारा पुस्तकं होती. तिला वजन कळलं नाही.

न सांगता भरलेलं हत्यार दुसऱ्याच्या सामानात ठेवणं. क्लबात एखाद्याने हे केलं असतं तर मी त्याला फाटकाबाहेर काढला असता आणि टरफलं वेचायलासुद्धा परत घेतला नसता.

संध्याकाळी ती आली. बीन्स गरम केले, मक्याचा पाव कापला, माझं ताट वाढलं. मग ताटाशेजारी रिव्हॉल्व्हर ठेवलं, उघडून, आणि पाच गोळ्या काट्याच्या बाजूला ओळीने उभ्या केल्या.

"मरिसेला तीन वर्षांची आहे," ती म्हणाली. "तिला बिस्किटं हवी होती. चेन अर्धी उघडली होती तिने."

मी गोळ्या मोजल्या, पाचही होत्या.

"मी पिशवी उचलली, ट्रककडे गेले, हे पेटीत कुलपात ठेवलं आणि परत आले. मग तिला बिस्किट दिलं." ती बसली. "जेव आता. गार होतंय."

"इबाराबाईंना कळलं?" मी विचारलं. रोसाल्बा इबारा त्या बालवर्गाच्या प्रमुख. नेल्डाला उत्तीर्ण करणं न करणं त्यांच्या हाती.

"माझं मी बघते," नेल्डा म्हणाली. आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. त्यापेक्षा तिने बीन्सचं पातेलं माझ्या डोक्यात घातलं असतं तर मी आभार मानले असते.

त्या रात्री मी मनाशी हिशेब जुळवला. कुणाला कळलेलं नाही. शनिवारी मी टोपी काढून चूक सांगितली तर रविवारपर्यंत सगळ्या काउंटीत होईल की नेल्डा टॅकेटच्या पिशवीतून बालवर्गात रिव्हॉल्व्हर गेलं, आणि तिचं कॉलेज संपेल. तेव्हा तिच्यासाठीच मी गप्प बसायचं. कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं. दोन्ही एकत्र आलं की माणूस फार सुखाने गप्प बसतो.

बुधवारी ती नेहमीच्या वेळी डबा घेऊन गेली, नेहमीच्या वेळी आली. गुरुवारीही गेली. ट्रक फाटकातून बाहेर पडताना मला दिसलं की मागचं उजवं चाक बसलंय. दुपारी मी हवा भरायचा पंप गाडीत टाकला आणि कॉलेजवर गेलो. तिचा ट्रक नेहमीच्या जागी नव्हता. दुसरीकडेही नव्हता. सबंध आवाराला दोन चकरा मारल्या, मग आत गेलो.

बालवर्गाच्या दाराला काच आहे आणि काचेवर रंगात बुडवलेल्या हातांचे ठसे. इबाराबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं.

"टॅकेटसाहेब, तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी? निकाल लागेपर्यंत त्यांना वर्गात येता येणार नाही."

"कसला निकाल?"

त्यांनी मला बाकावर बसवलं. मी आजारी असल्यासारख्या हळू बोलत होत्या. "त्यांनी स्वतः येऊन सांगितलं मला. अर्ध्या तासाच्या आत. कबूल करायला धीर लागतो, ते मी वरिष्ठांना लिहिलंय. पिशवीत रिव्हॉल्व्हर राहिलं होतं, आपण विसरलो, असं म्हणाल्या. सही केली आहे त्यांनी. होतं हो असं वयानुसार. माझी आई गॅस चालू ठेवून चर्चला जाते."

"नेल्डा विसरली?"

"असे रागावू नका त्यांच्यावर."

"बाई, ती विसरली नाही. ते माझं आहे. मी घातलं पिशवीत. तिला ठाऊकच नव्हतं."

त्या हसल्या, इतक्या मायेने की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. "चांगला नवरा असंच म्हणतो," त्या म्हणाल्या. मी शपथ घेतली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "खरं सांगू का? कॉलेजच्या पोलिसाने समज देऊन सोडलंय, गुन्हा नोंदवला नाही. बंदुकीचं एक वेळ निभावेल. मला काळजी विसरण्याची आहे. आज रिव्हॉल्व्हर विसरल्या, उद्या एखादं पोर अंगणात विसरल्या तर? अशा बाईंच्या हाती मी खोली कशी देऊ?"

मी उठलो. तिच्या पंचवीस नातलगांचे वाढदिवस तिला तोंडपाठ आहेत. नातवाला तीन वर्षांपूर्वी किती ताप होता ते दशांशासकट सांगते. ती विसरली म्हणून सही करून आली होती, आणि जगाने लगेच मान डोलावली होती. एकानेही विचारलं नव्हतं की बाई, खरंच?

तिचा ट्रक मला गावातल्या वाचनालयाबाहेर सापडला. खिडकीतून बघितलं. ती पोरांच्या छोट्या टेबलाशी, गुडघे हनुवटीला लावून, एकटीच बसली होती आणि पुठ्ठ्याचं पुस्तक उघडून ओठातल्या ओठात वाचत होती. बेडूक आला की भुवया वर करत होती. समोर कुणी नव्हतं. मी आत गेलो नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटली. चाकात हवा भरली आणि घरी आलो.

रात्री जेवताना ती म्हणाली, "चाकात कुणीतरी हवा भरलीय."

"भरली असेल," मी म्हणालो. म्हणजे मला कळलंय हे तिला कळलं. तिने माझ्या पावाला लोणी जरा जास्त लावलं, तेवढंच.

सुनावणी शुक्रवारी चारला होती. हॉइटने माझं नाव आधीच देऊन ठेवलं होतं. तीस वर्षं सुरक्षा अधिकारी, एकही अपघात नाही. मी उभा राहिलो की परवानेवाले किती काटेकोर असतात ते विश्वस्तांना दिसेल, असा त्याचा बेत. निघताना नेल्डा म्हणाली, "तुला जे वाटतं ते बोल. तुझं मत तुझं." ती मागच्या रांगेत, यादी हवी म्हणणाऱ्यांत जाऊन बसली. मी पुढे, हॉइटजवळ. मतं वेगळी असली की आम्ही वेगळे बसतो, येतो जातो एकाच ट्रकने. इबाराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. निम्मा क्लब आला होता, इस्त्रीचे शर्ट घालून.

माझं नाव पुकारलं. हॉइटने पाठीवर थाप मारली. मी पुढे गेलो आणि टोपी काढली. क्लबाच्या लोकांना तेवढ्यावरूनच कळलं. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली.

"मी," मी म्हणालो. "मी मंगळवारी माझ्या बायकोच्या पिशवीत भरलेलं रिव्हॉल्व्हर ठेवलं. तिला न सांगता. ती तीनदा नको म्हणाली होती. ते रिव्हॉल्व्हर बालवर्गात अकरा पोरांमध्ये गेलं. एका पोरीने चेन अर्धी उघडली होती. माझ्या बायकोने ते ओळखलं, बाहेर नेलं आणि मला वाचवायला सांगितलं की आपण विसरलो. ती विसरली नव्हती. नेल्डा टॅकेट अठ्ठावन्न वर्षांत एकही बंदूक कुठे विसरलेली नाही. विसरणारे या खोलीत दुसरे आहेत, मी नावं घेत नाही."

हॉइट खाली बघायला लागला. विश्वस्तांच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मिस्टर टॅकेट, तुम्ही यादीच्या बाजूने आहात की विरुद्ध?"

"बाई, मी पिस्तूल बाळगायच्या बाजूने आहे. काल होतो, उद्याही असेन. माझ्या बायकोच्या हातात बंदूक असेल तर मी माझी नातवंडं डोळे झाकून त्या खोलीत सोडीन. पण बंदूक तिने आणली नाही, मी घुसवली, आणि मी काही माथेफिरू नाही. माझ्याकडे परवाना आहे आणि मला तिची काळजी होती. त्या पाटीमुळे मला निदान लाज तरी वाटली. ती पाटी राहू द्या." तीन मिनिटांतलं एक अजून उरलं होतं. "संपलं," म्हणालो आणि टोपी हातात धरून बाहेर आलो.

हॉइट मागोमाग आला. लाल झाला होता. "तुला तीन मिनिटं दिली होती, गार्लंड. त्यात तीस वर्षं उधळलीस."

"हो."

"आणि संडासाचं काढायची काय गरज होती?"

"मी संडास म्हणालोच नाही."

"सगळे माझ्याकडेच बघत होते, लेका." तो थोडा वेळ फाटकाच्या खांबाला बुटाने टोकरत उभा राहिला. मग म्हणाला, "उद्या लवकर ये. टरफलांची बादली मी बाहेर काढून ठेवतो."

नेल्डा आली आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला. ट्रक तिने चालवला. रेल्वेच्या फाटकाशी मालगाडीसाठी थांबलो तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

"एकेचाळीस वर्षांत एकदा खोटं बोलले. तेही तुला तीन दिवस टिकवता आलं नाही."

"का बोललीस पण?"

"शिट्टी काढून घेतली असती तुझी. मग तू घरात बसून माझं डोकं खाल्लं असतंस." डबे जात होते, ती ते बघत होती. "आणि तू शिट्टी वाजवलीस की चाळीस माणसं हातातलं खाली ठेवतात. मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. मला ते बघायला आवडतं. माझं काय, म्हातारी विसरली म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही."

"तेच मला सहन झालं नाही."

"काय?"

"तुला विसरभोळी म्हटलेलं." आणि मी रडलो. सांगायला लाज कसली, चांगला रडलो. नेल्डाने एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने माझी मान धरली, पोरांची धरते तशी, आणि मालगाडी संपून मागचा माणूस भोंगा वाजवायला लागला तरी सोडली नाही.

तिला काढलं नाही. पण खोटी सही ती खोटी सही. सत्राचे सगळे तास रद्द झाले, नोव्हेंबरात पहिल्यापासून सुरुवात, म्हणजे मे महिन्याचं प्रमाणपत्र पुढच्या डिसेंबरावर गेलं. इबाराबाईंनी तिची माफी मागितली, विसरण्याबद्दल बोलल्याची. विश्वस्तांनी बालवर्गावरची पाटी ठेवली आणि मागच्या बाजूने दुसरी वाट मोकळी केली, तेव्हा हॉइट अर्धा खूश झाला. क्लबात आता एकोणीस-एकोणीस राहिलेलं नाही. मी कुठल्या बाजूला मोजायचा यावर वेगळंच भांडण चालू आहे. शिट्टी मी स्वतःच काढून दिली. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, एक एक टरफल वाकून उचलावं लागतं, हे तीस वर्षांत माझ्या कमरेला कधी ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरात ती पुन्हा जायला लागली. रोज सकाळी निघण्याआधी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिशवी उलटी करते. पुस्तकं, रुमाल, बिस्किटं, चष्मा. आतला कप्पा उघडून आत बोटं फिरवते. मग सगळं परत भरते. हे ती मी तिथे उभा असताना करते. लपून नाही, आणि टोमणा मारतही नाही.

पहिला आठवडा मी गप्प राहिलो. दुसऱ्या आठवड्यात, तिने कप्प्यात हात घातला आणि माझ्याच्याने राहवेना.

"अजून विश्वास नाही का माझ्यावर?"

ती थांबली. "समोरच्याने बंदूक रिकामी करून दाखवली, तरी हातात घेताना आपण परत उघडून बघतो. त्यात कुणी रागावतं का?"

"ती बंदूक असते, नेल्डा. ही पिशवी आहे."

"पिशवीच होती," ती म्हणाली. "तू तिची बंदूक केलीस."

ती रागाने बोलली नाही. तिने एक एक वस्तू परत आत ठेवली. शेवटी मी करून दिलेलं सँडविच उघडून बघितलं, लोणच्याची काकडी फार घातलीस म्हणाली, माझ्या गालाला गाल लावला आणि पिशवी खांद्याला अडकवून कामाला गेली.